इथे भरती येत नाही

यिशुनमधल्या निशिकांत टिपणीसच्या घरी जाऊन तुम्ही पाणी मागितलंत, तर नळाचं मिळणार नाही. बाटलीचं मिळेल. सिंगापुरात हे जरा विचित्रच, कारण इथल्या नळाला सरळ तोंड लावावं असं पाणी येतं. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात ते घाबरत पितो आणि दुसऱ्या आठवड्यात घरी फोन करून त्याच्या बढाया मारतो. निशिकांतनेही नऊ वर्षं तेच केलं होतं. मग २०१२च्या डिसेंबरात त्याने नळाचं पाणी सोडलं, ते सोडलंच. दर शनिवारी तो सुपरमार्केटातून बाटल्यांचे दोन गठ्ठे खांद्यावर मारून आणायचा, आणि तेही लेबलं वाचून. सिंगापुरात भरलेली बाटली परत फळीवर जायची, मलेशियातल्या डोंगरातली असेल तरच घरी यायची.

मीनल, त्याची बायको, आधी चिडली, मग थट्टा करू लागली, मग तिने नाद सोडला. मुलगी ऋग्वेदा शाळेत पाण्याचा धडा शिकून आली तेव्हा तिने चार्ट पसरून बापाला समजावलं, "बाबा, टॅप वॉटर इज सेफ लाह." त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बाटलीतून घोट घेतला. आलेल्या-गेलेल्याला मीनल सांगायची, ह्यांचं पोट नाजूक आहे. पोटाचा काही संबंध नव्हता. खाई त्याला खवखवे, ही गत होती, पण काय खाल्लंय ते एकट्या निशिकांतलाच ठाऊक होतं.

तसा माणूस सरळ. मूळचा पेणचा, शिकला पुण्यात, नोकरी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत. कुठला माल कुठल्या बंदरात चढला आणि कुठे उतरला, याचं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम. कुणाचं वाईट करणार नाही, कुणाशी भांडणार नाही आणि साहेबाला 'नाही' म्हणणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी कंपनीकडून एम्प्लॉयमेंट पास नवा करून घ्यायचा असला की माणसाच्या तोंडून 'नाही' निघायचं हळूहळू बंदच होतं. याच गुणाने त्याचा घात केला.

छंद एकच, गळाने मासे धरण्याचा. घरापासून पंधरा मिनिटांवर लोअर सेलेतारचा जलाशय आहे. तिथे मासेमारीला परवानगी असलेल्या लाकडी धक्क्यावर तो संध्याकाळी उभा राहायचा. पिण्याचं पाणी असल्यामुळे गळाला खरं आमिष लावायला बंदी. प्लास्टिकची मासोळी लावायची, ती पाण्यातून ओढत आणायची, आणि तिला भुलून पीकॉक बास आला तर आला. हिरवापिवळा मासा, अंगावर काळे पट्टे, शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात.

निशिकांतच्या आईला, दमयंतीबाईंना, हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. वडील गेल्यावर त्याने तिला पेणहून आणलं होतं. संध्याकाळी ती धक्क्यावर घडीच्या खुर्चीत बसायची, पुढ्यात भाजक्या चण्यांचा डबा. सोडायचाच आहे तर धरायचा कशाला, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे, हा बास तिला मासाच वाटत नव्हता. नाटकातला राजा दिसतो नुसता, म्हणायची. मासा म्हणजे जिताडा. तिचं माहेर पेणच्या खाडीकाठचं. बांधाला पाणी आत-बाहेर सोडायचं दार असे, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. पावसाळ्यात आजोबा उघाडी उघडायचे, खाडीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं तळ्यात यायची आणि मग वर्षानुवर्षं तिथेच पोसली जायची. जावई आला की जिताडा निघायचा, मामलेदार आला की जिताडा निघायचा. पण वर्षातून एकदा, मार्गशीर्षात पाणी गार पडलं की, आजोबा सगळ्यात थोरली मादी शोधून तिला खाडीत सोडून द्यायचे.

"मोठा जिताडा म्हणजे मादीच," ती सांगायची. "तिला अंडी घालायला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात नुसती वाढते बिचारी. कोंडून मारलं तर शाप लागतो तळ्याला."

एकदा तिने विचारलं, हे तळं आहे का खाडी? निशिकांतने सांगितलं, होती खाडीच. ऐंशीच्या दशकात तोंडाशी धरण बांधलं, आता त्यावरून रस्ता जातो. रस्त्याच्या पलीकडे समुद्र.  मग आत जिताडे अडकले असतील, म्हणाली. आणि चण्याची सालं फुंकरता फुंकरता, उद्या भाजी कुठली करायची हे सांगावं तितक्या सहज म्हणाली, "मला मात्र कोंडू नकोस हो निशी. समुद्रात सोड. आणि ओहोटीला सोड. भरतीला सोडलेलं परत काठाला येतं."

ती गेली २०१२च्या कार्तिकात, वद्य पक्षात. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवस हॉस्पिटलात, संपलं. मंडाईच्या स्मशानात अग्नी दिला. थोरला भाऊ विश्वास पेणला होता. त्याला व्हिसा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, अस्थी इकडे घेऊन ये, खाडीच्या तोंडाशी सोडू. नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसात जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायची होती. साहेब म्हणाले, फॅमिली आधी, अर्थातच. मग जरा थांबून म्हणाले, पण तुझ्या जागी कोण बसेल ते सांग. निशिकांतने कुणाचं नाव सांगितलं नाही. त्याने दादाला कळवलं की इथेच समुद्रात करतो, चांगीच्या किनाऱ्यावरून बोट मिळते. गुरुजींनी बोटवाला गाठूनही दिला, पण वार निघाला शनिवार, आणि शनिवारी तर तो सकाळपासून ऑफिसात लागणार होता.

अस्थी घरात आणत नाहीत. गावी झाडाला टांगतात. यिशुनच्या आठव्या मजल्यावर झाड कुठून आणणार? तांब्याचा कलश फडक्यात बांधून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या कपाटावर ठेवला होता. ऑफिसातून येताना-जाताना निशिकांतला तो दिसायचा, आणि बूट काढताना तो त्याच्याकडे पाठ करायचा. पाच दिवस हे चाललं. बुधवारी सकाळी त्याने मीनलला सांगितलं, आजची बोट मिळतेय, आणि कलश पिशवीत घालून निघाला. चांगीच्या बसचा थांबा उजवीकडे होता. तो डावीकडे वळला.

त्या पंधरा मिनिटांत माणूस स्वतःला काय काय पटवून देऊ शकतो याला सीमा नाही. आईला ही जागा आवडायची. मुळात खाडीच ना ही? डिसेंबर म्हणजे इथला पावसाळा, धरणाची दारं उघडतील, जाईल आपोआप समुद्रात. आईच्या भाषेत उघाडी उघडेल. धक्क्यावर कुणी नव्हतं. त्याने श्लोक म्हटला, अर्धा विसरला, कलश उपडा केला. राखेचा एक फिकट डाग पाण्यावर पसरला आणि तिथेच राहिला. खाडीत असा डाग क्षणात लांब जातो. हा हलेना. निशिकांत त्याच्याकडे बघत उभा राहिला, मग त्याने घड्याळ बघितलं. साडेसात झाले होते. तो ऑफिसला गेला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. झालं का नीट? झालं, म्हणाला निशिकांत. ओहोटीलाच सोडलं ना? हो, ओहोटीला. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, पेला भरला, तोंडाजवळ नेला आणि पेला तसाच सिंकमध्ये ओतून दिला.

पुढची पाच वर्षं तो धक्क्यावर जात राहिला, पण मासे धरायला नव्हे. जायचा आणि पाण्याकडे बघायचा. गळ हातात असला की उभं राहायला कारण मिळतं, इतकंच. वर्षभर ते पाणी कोमट चहासारखं असतं. नोव्हेंबर सरत आला की दिवसचे दिवस पाऊस लागतो, ऊन दिसत नाही, आणि बोट बुडवलं तर पाणी गार लागतं. या दिवसांत बास खाली तळाशी जाऊन सुस्त पडून राहतात. आमिष अगदी हळू ओढावं लागतं, ओढणाराच कंटाळेल इतकं हळू. बाकीचे हौशे मग घरी बसतात. निशिकांत मात्र नेमका तेव्हाच जायचा.

आणि त्याच दिवसांत दोरीला ओढ लागायची. हिसका नव्हे. हलकेच, तीनदा. लहानपणी बाजारात तो पुढे पळायला लागला की आई मागून सदऱ्याला अशीच ओढ द्यायची, एक, दोन, तीन. तो रीळ गुंडाळायचा तर गळाला काही नसायचं, प्लास्टिकच्या मासोळीवर दाताची खूणही नसायची. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, शेवाळ असेल. दुसऱ्या वर्षी तसं वाटेना. तिसऱ्या वर्षी तो ओढ लागताच काठी टाकून घरी आला आणि त्याला दोन दिवस ताप होता. त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? एक खोटं सांगून बसलं की त्याच्या आजूबाजूचं खरंही सांगता येत नाही.

२०१६च्या तिथीला विश्वासचा फोन आला. नेहमीची चौकशी झाली, मग तो घुटमळला. तसा तो शाळामास्तर होता, देवळाच्या पायरीलाही हिशेबाने हात लावणारा. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. "निशी, आई स्वप्नात आली होती," तो म्हणाला. "नुसती बसली होती पाण्यात. मी म्हटलं, ऊठ. तर म्हणाली, कशी उठू, इथे भरती येत नाही." मग त्याने विचारलं, "समुद्रच होता ना रे?"

निशिकांत हो म्हणाला.  भरती न येणारं पाणी म्हणजे काय, हे त्या घरात त्याच्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. वर्षभर ते वाक्य त्याच्यासोबत लिफ्टमध्ये चढलं, एमआरटीत बसलं, मीटिंगांमध्ये शेजारी येऊन बसलं.

पुढच्या वर्षीचा मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मीनलने पहाटेच घट मांडला होता, पाच पानं, नारळ, फुलांची वेणी. आज माशाचा वास घेऊन घरात येऊ नका, तिने बजावलं. योगायोग बघा, ऑफिसातही त्याच दिवशी दहा वाजता नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. ऑफिसचे कपडे घालूनच तो उजाडता उजाडता धक्क्यावर आला. रात्रभर पाऊस झाला होता, अजून भुरभुरत होता. अंकल कोह तेवढे होते. सत्तरी ओलांडलेले, पूर्वी लॉरी चालवायचे, आता रोज सकाळी इथे. त्यांच्याकडे सामान वाहायची दोन चाकांची ढकलगाडी असायची आणि तीवर थर्माकोलचा मोठा डबा, बर्फ आणि सरबताच्या कॅनसाठी.

तिसऱ्या फेकीला ओढ लागली. एक, दोन, तीन. एरवी तो घाबरून रीळ गुंडाळायचा. या वेळी त्याने हात थांबवले आणि दोरी सैल सोडली. तू ओढ, मी येतो, असं काहीसं त्याच्या मनात आलं. क्षणभर काही झालं नाही. मग काठी वाकली ती पाण्याला टेकेपर्यंत वाकली.

वीस मिनिटं लागली. अंकल कोहनी हातजाळं खाली धरलं आणि दोघांनी मिळून मासा वर घेतला. तो बास नव्हता. हाताएवढा लांब, रुपेरी, पाठीवर करडा, डोकं उतरतं. निशिकांतने आयुष्यात तो पेणच्या बाजारात शंभरदा पाहिला असेल. जिताडा, आणि एवढा मोठा म्हणजे मादीच. ढगाळ उजेडातही तिचा डोळा आतून तांबूस चमकत होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आईचा डोळा कधी कधी दिव्यासमोर असाच चमकायचा, आणि ऋग्वेदा घाबरायची.

"सियाकप," अंकल कोहनी जिताड्याचं मलायी नाव घेतलं. "व्हेरी ओल्ड. बिफोर द डॅम." अंकलच्या गोष्टींतले मासे नेहमीच म्हातारे असत, तेव्हा ते किती खरं धरायचं कोण जाणे. यू ईट, त्यांनी विचारलं. निशिकांतने मान हलवली. देन पुट बॅक लाह, ते म्हणाले.

"नॉट हिअर," निशिकांत म्हणाला. 

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न विचारता डबा उपडा केला, बर्फ आणि कॅन धक्क्यावर ओतले, बादलीने त्यात जलाशयाचं पाणी भरलं आणि गाडी त्याच्यापुढे ढकलली.

धरण तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर. रस्त्याच्या कडेने गाडी ढकलत तो निघाला. मासा डब्यात मावत नव्हता, शेपटी बाहेर. दर शंभर पावलांना थांबून तो कल्ल्यांची उघडझाप बघायचा आणि ओंजळीने पाणी हलवायचा. एकदा खिशात फोन वाजला, साहेबांचा. त्याने वाजू दिला. "थोडंच राहिलंय आई," असं तो बोलून गेला, आणि आपण मोठ्याने बोललो हे समोरून पळत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याला समजलं.

धरणावर पोचून तो रस्त्याच्या मधोमध थबकला. एका हाताला जलाशय, दुसऱ्या हाताला समुद्र, पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या कारखान्यांची धुराडी. मध्ये फक्त हा रस्ता. इतकं जवळ होतं. त्या बुधवारी आणखी अर्धा तास चालला असता तर झालं असतं. पाच वर्षं ती या भिंतीपर्यंत येऊन थांबली असेल, या विचाराने त्याला तिथेच रडू फुटलं, आणि एका लॉरीने हॉर्न दिला तेव्हा तो भानावर आला.

डब्यातून मासा उचलून निशिकांत ऑफिसच्या बुटांनी दगडांवरून खाली उतरला. शेवटच्या कोरड्या दगडावर उभं राहून त्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. खारं पाणी लागताच तिच्या अंगातून एक थरथर गेली. "आई, मी तुला समुद्रात नव्हतं सोडलं," तो म्हणाला. "मला वेळ नव्हता." आणि त्याने हात काढून घेतले.

ती हातभर पुढे गेली. मग वळली, परत आली आणि धरणाच्या दगडांशी तोंड लावून उभी राहिली. निशिकांतने तिला हलकेच पुढे ढकललं. ती पुन्हा वळून भिंतीशी आली. तिसऱ्यांदाही तेच झालं. कल्ले चालू होते, शेपटी हलत होती, मेलेली नव्हती. पण जात नव्हती.  आता हिला जायचंच नसेल तर? त्याने ओल्या हातांनी फोन काढला आणि पेणला लावला. तिकडे सहा वाजले असतील. विश्वासने पहिल्याच रिंगला उचलला.

निशिकांतने सगळं सांगितलं. कलश, चपलांचं कपाट, डावीकडचं वळण, न हलणारा डाग, साडेसात वाजलेलं घड्याळ. पाच वर्षांचं खोटं सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. मासा, दोरीची ओढ, तिचा डोळा, भिंतीशी लागलेलं तोंड, हेही सांगितलं. आपण वेडे ठरू, याची त्याला आता फिकीर नव्हती.

 पलीकडे विश्वासच्या मागे कुठेतरी कोंबडा आरवला. शिव्या येतील म्हणून निशिकांत वाट पाहत होता.

"आत्ता भरती आहे का ओहोटी?" विश्वासने विचारलं.

निशिकांतने खाली पाहिलं. मघाशी तो ज्या दगडावर कोरडा उभा होता, तो दगड बुडाला होता आणि पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

"भरती."

"मग ती जाईल कशी? भरतीला कुणी जातं का?" विश्वास म्हणाला. "ओहोटी लागेपर्यंत उभा राहा तिच्याजवळ. आणि निशी, या वेळी घड्याळ बघू नकोस."

फोन ठेवल्या ठेवल्या पुन्हा वाजायला लागला. साहेब. निशिकांतने तो बंद केला, मनगटावरचं घड्याळ काढलं, वर जाऊन डब्यातलं पाणी ओतलं, दोन्ही वस्तू त्यात टाकल्या आणि परत खाली उतरला. पाणी मांड्यांपर्यंत चढलं. पाऊस येत-जात राहिला. ती भिंतीशी, तो तिच्या शेजारी. मध्येच ती त्याच्या पँटला घासून जायची आणि पुन्हा जागेवर यायची.

मग कधीतरी पाणी पायांवरून खाली सरकू लागलं. त्याने वाकून हात फिरवला, तर शेजारी कुणी नव्हतं. तो दगड पुन्हा कोरडा पडेपर्यंत निशिकांत तिथेच उभा होता. घरी पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, हेही त्याला मीनलने सांगितलं.